शेजाऱ्याला दाखवलेला अणुप्रकल्प: अर्जेंटिना, ब्राझील आणि वास्तववादी सिद्धांताच्या मर्यादा

जुलै १९८७ मध्ये अर्जेंटिनाचे अध्यक्ष राउल अल्फोन्सिन यांनी ब्राझीलचे अध्यक्ष जोझे सार्ने यांना पिल्कानियेउ इथला युरेनियम समृद्धीकरण प्रकल्प आतून दाखवला. पॅटागोनियाच्या उजाड माळावर, बारिलोचे शहराच्या बाजूला, आधीच्या लष्करी राजवटीने १९७८ पासून हा प्रकल्प गुपचूप उभारला होता. व्हिएन्नातल्या आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेची तिथे देखरेख नव्हती. अमेरिका त्यासाठी सतत दबाव आणत होती आणि अर्जेंटिना तो जुमानत नव्हता. व्हिएन्नाच्या निरीक्षकांना जे दार बंद होते, ते उघडले गेले जुन्या प्रतिस्पर्ध्याच्या राष्ट्राध्यक्षासाठी.

एप्रिल १९८८ मध्ये सार्ने यांनी अल्फोन्सिन यांना साव पाउलो राज्यातल्या इपेरो इथे नेले. तिथल्या आरामार केंद्रात ब्राझीलच्या नौदलाने स्वतःचे सेंट्रिफ्यूज, म्हणजे युरेनियम समृद्ध करणारी वेगाने फिरणारी यंत्रे, विकसित केली होती. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सार्ने पुन्हा अर्जेंटिनात गेले आणि एझेइझाची, वापरलेल्या अणुइंधनावर पुनर्प्रक्रिया करणारी प्रयोगशाळा पाहून आले. बॉम्बसाठी लागणारा माल दोन मार्गांनी मिळतो, समृद्ध युरेनियममधून किंवा पुनर्प्रक्रियेतून काढलेल्या प्लुटोनियममधून. म्हणजे दोन्ही देशांनी आपल्या सर्वांत नाजूक जागा एकमेकांना दाखवल्या.

आंतरराष्ट्रीय संबंधांच्या अभ्यासातल्या वास्तववादी सिद्धांताच्या चौकटीत हे वर्तन सहज बसत नाही. म्हणूनच हे प्रकरण मला फार मोलाचे वाटते.

सिद्धांत काय सांगतो

वास्तववादाची मांडणी अशी: राष्ट्रांच्या वर निवाडा करणारी सत्ता नाही. संकटात धावून येईल असा कोतवाल नाही. म्हणून प्रत्येक राष्ट्राने आपले रक्षण आपणच करायचे. शेजाऱ्याच्या मनात आज काय आहे हे कळत नाही आणि उद्या काय असेल हे तर मुळीच कळत नाही. म्हणून त्याच्या बोलण्याकडे लक्ष न देता त्याच्या ताकदीकडे पाहायचे. केनेथ वॉल्ट्झ यांनी १९७९ मध्ये या विचाराला काटेकोर रूप दिले. त्यांच्या मते राष्ट्राच्या आत राजा आहे की संसद, हे जवळजवळ गौण असते. बाहेरची रचनाच सर्वांना सारखे वागायला लावते. जॉन मिअरशायमर यांनी २००१ मध्ये ते आणखी कडक केले: मोठी राष्ट्रे केवळ सुरक्षित राहून थांबत नाहीत, संधी मिळेल तिथे वरचढ होऊ पाहतात.

आपल्याकडच्या वाचकाला हे परके वाटत नाही. कौटिल्याच्या मंडलात लगतचा राजा अरी आणि त्याच्या पलीकडचा मित्र. दक्षिण अमेरिकेत विसाव्या शतकात हे मंडल जवळजवळ तसेच दिसे. ब्राझीलची जवळीक अर्जेंटिनापलीकडच्या चिलीशी, तर अर्जेंटिनाची ब्राझीलपलीकडच्या पेरूशी. दोन्ही देशांच्या लष्करी विद्यालयांत शेजाऱ्याशी युद्धाचे आराखडे शिकवले जात. अर्जेंटिनाच्या ईशान्य भागात रस्ते-पूल बांधायला लष्करी नियोजकांचा विरोध असे, कारण त्याच रस्त्यांनी ब्राझीलची फौज आत येईल अशी धास्ती होती. प्रत्यक्षात १८५२ नंतर हे दोन देश एकमेकांशी लढलेले नाहीत. उलट १८६४ ते १८७० या काळात पराग्वेविरुद्ध ते एकाच बाजूने लढले. तरीही आराखडे तयार होत राहिले.

चुरस कशी वाढली

अणुक्षेत्रात अर्जेंटिना आधी उतरला. १९५० मध्ये पेरॉन यांच्या काळात राष्ट्रीय अणुऊर्जा आयोग स्थापन झाला. पुढच्याच वर्षी पेरॉन यांनी जाहीर केले की ऊमूल बेटावर रोनाल्ड रिश्टर या शास्त्रज्ञाने अणुसंमीलन साधले आहे. तो दावा खोटा निघाला, पण त्या पडझडीतून अर्जेंटिनाने खरे शास्त्रज्ञ आणि खऱ्या प्रयोगशाळा उभ्या केल्या. १९७४ मध्ये आतुचा इथे लॅटिन अमेरिकेतली पहिली अणुवीज तयार झाली.

ब्राझीलने १९७५ मध्ये पश्चिम जर्मनीशी प्रचंड करार केला. आठ अणुभट्ट्या, सोबत समृद्धीकरण आणि पुनर्प्रक्रियेचे तंत्र. त्यातले बरेच कागदावरच राहिले. मग १९७९ च्या सुमारास लष्कराच्या देखरेखीखाली एक समांतर कार्यक्रम सुरू झाला. नौदलाने सेंट्रिफ्यूज हाती घेतले आणि हवाई दलाने आमेझॉनच्या दक्षिण टोकाला, सेहा दो काशिंबो इथे, ३२० मीटर खोल विवर खणले. १९८६ मध्ये साव पाउलोच्या एका दैनिकाने ते विवर उघडकीस आणले. इतके खोल विवर भूमिगत अणुचाचणीसाठीच असणार, हे कोणालाही समजावून सांगावे लागले नाही.

दोन्ही देश अण्वस्त्रप्रसारबंदी करारापासून दूर राहिले होते, भारताप्रमाणेच आणि जवळजवळ त्याच कारणांनी. १९६७ पूर्वी स्फोट केलेले पाच देश बॉम्ब बाळगणार आणि बाकीच्यांनी तपासण्या सोसायच्या, ही विभागणी त्यांना मान्य नव्हती. ब्राझीलचे मुत्सद्दी आराउजो कास्त्रो यांनी सत्तर सालानंतर मांडले की या करारामुळे जगातली सत्ता आहे तशी गोठवली जाते. एका धाग्याने हे सगळे महाराष्ट्रालाही येऊन भिडते. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर अमेरिकेने निर्बंध आवळत नेले. १९७८ च्या अमेरिकी कायद्याने पूर्ण तपासणी न मानणाऱ्या देशांना अणुइंधन बंद झाले. तारापूरच्या भट्ट्यांचा इंधनपुरवठा याच कायद्यात अडकला आणि अर्जेंटिना-ब्राझीललाही त्याची झळ लागली. पिल्कानियेउचा निर्णय त्याच वर्षीचा आहे. अर्जेंटिनाने पुढे कारणही हेच दिले: संशोधन भट्ट्यांना लागणारे समृद्ध युरेनियम मिळेना, म्हणून स्वतः तयार करायचे ठरवले.

इथे पहिली टीका उभी राहते. वास्तववादी लेखनात अणुप्रसाराचे चित्र बहुधा महासत्तांच्या खिडकीतून दिसते, आणि प्रसार करणारे देश त्या चित्रात ‘समस्या’ असतात. रॉबर्ट कॉक्स यांनी १९८१ मध्ये म्हटले की कोणताही सिद्धांत कोणासाठी तरी आणि कशासाठी तरी असतो. ब्युनोस आयर्स किंवा ब्राझिलियातून पाहिले तर १९७८ साली धोका एकमेकांपेक्षा वॉशिंग्टनकडून अधिक होता. त्या समान अनुभवाने दोघांना जवळ आणले. जानेवारी १९७७ मध्येच दोन्ही देशांच्या परराष्ट्रमंत्र्यांनी अणुसहकार्याची इच्छा जाहीर केली होती. तेव्हा दोन्हीकडे लष्करशहा होते.

धरणाचा वाद

अणुचुरशीपेक्षा जास्त कटुता पाराना नदीवरून झाली. १९७३ मध्ये ब्राझील आणि पराग्वेने इताइपू धरणाचा करार केला. अर्जेंटिनाला खालच्या अंगाला कॉर्पुस इथे स्वतःचे धरण बांधायचे होते, आणि वरचे धरण उंच झाले तर खालच्याचा उपयोग संपत होता. ब्युनोस आयर्समध्ये तर अशीही चर्चा चाले की ब्राझीलने एके दिवशी दरवाजे उघडले तर राजधानी पाण्याखाली जाईल.

ऑक्टोबर १९७९ मध्ये अर्जेंटिना, ब्राझील आणि पराग्वे यांनी पाण्याची पातळी आणि यंत्रांची संख्या ठरवून हा वाद मिटवला. मे १९८० मध्ये ब्राझीलचे अध्यक्ष जनरल फिगेरेदो ब्युनोस आयर्सला आले. १९३५ मध्ये वर्गास आल्यानंतरची ब्राझीलच्या राष्ट्राध्यक्षाची ही पहिली भेट. त्याच भेटीत अर्जेंटिनाचे जनरल विदेला यांच्यासोबत अणुसहकार्याचा करार झाला.

वास्तववाद्याचा सर्वांत मजबूत पत्ता इथे आहे आणि तो मान्य करायलाच हवा. डिसेंबर १९७८ मध्ये बीगल खाडीतल्या बेटांवरून अर्जेंटिना आणि चिली युद्धाच्या तोंडाशी आले होते. दोन आघाड्यांवर वैर झेपणार नव्हते, म्हणून उत्तरेचा वाद मिटवणे शहाणपणाचे होते. सत्तेचा तोल राखण्याच्या तर्काने हे उत्तम समजते. लोकशाही देश आपसात लढत नाहीत असे म्हणणाऱ्या उदारमतवादी मांडणीला मात्र ते जड जाते, कारण समेटाची सुरुवात दोन हुकूमशहांनी केली.

ज्यांच्यापासून रक्षण करायचे ते कोण?

तरीही या प्रकरणात मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग ताकदीच्या तक्त्यात येतच नाही.

नोव्हेंबर १९७५ मध्ये सान्तियागोमध्ये दक्षिण अमेरिकेतल्या लष्करी राजवटींच्या गुप्तचर प्रमुखांची बैठक झाली आणि ‘ऑपरेशन काँडोर’ सुरू झाले. अर्जेंटिना त्यात होता, पुढे ब्राझीलही आला. एका देशातून पळून दुसऱ्या देशात आसरा घेतलेल्या विरोधकांना शोधायचे, पकडायचे, परत द्यायचे किंवा मारायचे, असा हा कारभार. मार्च १९८० मध्ये रिओ दि जानेरोच्या विमानतळावर दोन अर्जेंटिनी विरोधकांना पकडून अर्जेंटिनाच्या लष्करी विमानाने नेण्यात आले. ब्राझीलच्या लष्करी गुप्तचरांनी त्याला परवानगी दिली होती, हे पुढे खुल्या झालेल्या अमेरिकी कागदपत्रांतून समोर आले. फिगेरेदो यांच्या ब्युनोस आयर्स भेटीच्या दोन महिने आधीची ही गोष्ट.

दोन्ही लष्करांकडे एकमेकांविरुद्ध युद्धाचे आराखडे होते आणि त्याच वेळी ती एकमेकांना माणसे पकडून देत होती. वास्तववाद म्हणतो की विश्वासाला जागा नाही, फसवणुकीची भीती सहकार्य होऊ देत नाही. पण एखाद्याचे अपहरण करून त्याला सीमेपार नेणे हे टोकाच्या विश्वासाचे काम आहे. दुसऱ्याच्या विमानाला आपल्या विमानतळावर उतरू द्यायचे आणि तोंड बंद ठेवायचे. दोन्ही राजवटींना कोणाचे भय होते, याचे उत्तर यात आहे: आपल्याच विद्यार्थ्यांचे, कामगार पुढाऱ्यांचे, शास्त्रज्ञांचे, पाद्र्यांचे.

अर्जेंटिनाच्या अणुऊर्जा आयोगातले शास्त्रज्ञ आणि कर्मचारीही १९७६ च्या सत्तापालटानंतर पकडले गेले आणि काही बेपत्ता झाले. देशाची अणुक्षमता वाढवत असल्याचे सांगणारे राज्यच ती क्षमता घडवणाऱ्या माणसांना नाहीसे करत होते. लोकशाही आल्यावर नेमलेल्या आयोगाने १९८४ मध्ये ८,९६० बेपत्तांची नोंद केली. मानवाधिकार संघटना हा आकडा ३०,००० सांगतात. एप्रिल १९७७ पासून प्लासा दे मायो या चौकात जमणाऱ्या आया आपल्या मुलांचा पत्ता विचारत होत्या. ‘अर्जेंटिना सुरक्षित आहे का’ हा प्रश्न त्यांना विचारला असता तर ब्राझीलचे सेंट्रिफ्यूज त्या उत्तरात आलेच नसते.

ॲन टिकनर आणि इतर स्त्रीवादी अभ्यासकांनी, तसेच १९९१ मध्ये केन बूथ यांनी, सुरक्षा कोणाची हा प्रश्न मध्यभागी आणला. बूथ यांचे म्हणणे असे की राज्य हे माणसांच्या सुरक्षेचे साधन आहे, आणि साधनालाच साध्य मानले की माणूस हिशेबातून गळतो. या प्रकरणाला ती टीका जशीच्या तशी लागू पडते. काशिंबोच्या परिसरात पानारा हे आदिवासी राहत. सत्तरच्या दशकात तिथून महामार्ग गेला, बाहेरचे रोग आले, माणसे झपाट्याने मेली, आणि १९७५ मध्ये उरलेल्या मोजक्या लोकांना विमानाने शिंगू इथे हलवण्यात आले. काही वर्षांनी त्याच टापूत हवाई दलाचे विवर खणले गेले. इताइपूच्या जलाशयासाठी हजारो कुटुंबे उठली आणि १९८२ मध्ये ग्वाइराचे प्रचंड धबधबे पाण्याखाली गेले. दोन राष्ट्रांमधला सत्तेचा तोल या नजरेने पाहिला तर त्याची किंमत कोणी मोजली ते दिसते, आणि ती किंमत कोणत्याही लष्करी आराखड्यात लिहिलेली नव्हती.

माल्विनास आणि नंतर

एप्रिल ते जून १९८२ मध्ये अर्जेंटिनाने माल्विनास, म्हणजे फॉकलंड बेटांसाठी ब्रिटनशी युद्ध केले आणि तो हरला. ब्रिटिश अणुपाणबुडीने ‘जनरल बेल्ग्रानो’ ही युद्धनौका बुडवली आणि ३२३ जण मेले. या युद्धात ब्राझील औपचारिकरीत्या तटस्थ राहिला, पण लंडनमध्ये अर्जेंटिनाचे हितसंबंध सांभाळण्याचे काम त्याने केले. शेजारी अडचणीत असताना ब्राझीलने डाव साधला नाही, ही गोष्ट ब्युनोस आयर्समध्ये लक्षात राहिली.

नोव्हेंबर १९८३ मध्ये, सत्ता सोडायला काही आठवडे उरले असताना, अर्जेंटिनाच्या अणुऊर्जा आयोगाचे प्रमुख ॲडमिरल कास्त्रो मादेरो यांनी पिल्कानियेउ जगापुढे जाहीर केले. त्याआधी ब्राझीलच्या राष्ट्राध्यक्षांना खासगीत कळवले होते. चार वर्षांनी ब्राझीलने तेच केले. सप्टेंबर १९८७ मध्ये आपले समृद्धीकरण जाहीर करण्यापूर्वी सार्ने यांनी रुबेन्स रिकुपेरो या मुत्सद्द्याच्या हाती अल्फोन्सिन यांना पत्र पाठवले. गुपित जगाला सांगायचे, पण शेजाऱ्याला आधी, असा रिवाज तयार झाला.

डिसेंबर १९८३ मध्ये अल्फोन्सिन सत्तेवर आले आणि अणुकार्यक्रम नागरी सरकारच्या हाती आला. हे अल्फोन्सिन तेच, ज्यांनी विदेला आणि इतर सेनाधिकाऱ्यांवर खटले चालवले. लष्कराने शेजाऱ्याची भीती दाखवून अधिकार मिळवायचे, ही साखळी तोडायची तर शेजाऱ्याशी समेट करणे देशांतर्गतही गरजेचे होते. सार्ने यांचीही तीच अडचण होती. १९८५ मध्ये ते सत्तेवर आले तेव्हा समांतर कार्यक्रम लष्कराच्या मुठीत होता. ३० नोव्हेंबर १९८५ रोजी दोघे फॉझ दो इग्वासू इथे भेटले आणि अणुधोरणावर संयुक्त घोषणा केली. त्याच भेटीत अल्फोन्सिन इताइपू पाहायला गेले. ज्या भिंतीमुळे आपली राजधानी बुडेल असे लोक म्हणत, तिच्यासमोर राष्ट्राध्यक्षाने उभे राहणे हे घरच्या मतदारांसाठी होते तितकेच घरच्या सेनाधिकाऱ्यांसाठीही होते.

शास्त्रज्ञांचा वाटाही मोठा आहे. दोन्ही देशांच्या भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटना एकमेकींच्या संपर्कात होत्या आणि आपापल्या सरकारांकडे बॉम्बला विरोध नोंदवत होत्या. ब्राझीलच्या १९८८ च्या राज्यघटनेत अणुशक्तीचा वापर केवळ शांततेसाठी आणि संसदेच्या मंजुरीने, असे कलम आले. सप्टेंबर १९९० मध्ये राष्ट्राध्यक्ष फर्नांदो कोलोर काशिंबोला गेले आणि ते विवर बुजवण्याच्या कामाचा प्रतीकात्मक आरंभ म्हणून त्यात चुना टाकला. त्यांच्या सरकारात विज्ञान खाते सांभाळणारे जोझे गोल्डेंबेर्ग हे भौतिकशास्त्रज्ञ सत्तरच्या दशकात जर्मन कराराचे टीकाकार होते.

नोव्हेंबर १९९० मध्ये कोलोर आणि अर्जेंटिनाचे कार्लोस मेनेम यांनी पुन्हा फॉझ दो इग्वासूत अणुबॉम्बचा त्याग जाहीर केला. जुलै १९९१ मध्ये मेक्सिकोतल्या ग्वादालाहारा इथे करार झाला आणि अणुसामग्रीची संयुक्त लेखा-तपासणी संस्था स्थापन झाली, संक्षेपाने ‘अबाक’. तिचे मुख्यालय रिओ दि जानेरोत आहे. अर्जेंटिनाचे निरीक्षक ब्राझीलचे प्रकल्प तपासतात, ब्राझीलचे अर्जेंटिनाचे. डिसेंबर १९९१ मध्ये दोन्ही देश, अबाक आणि आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था यांच्यात चौपदरी करार झाला. अण्वस्त्रप्रसारबंदी करारात अर्जेंटिना १९९५ मध्ये आला, ब्राझील १९९८ मध्ये. हा क्रम ध्यानात घ्यावा. त्यांनी आधी एकमेकांना तपासू दिले आणि जगाच्या करारावर सही नंतर केली.

वास्तववादी उत्तरे आणि ती कुठे अपुरी पडतात

वास्तववादी अभ्यासक या घटनांपुढे निरुत्तर नाहीत. ते म्हणतील, अमेरिकेचा दबाव होता. होता, पण दबाव सर्वांत तीव्र असताना म्हणजे १९७७ ते १९८३ मध्ये दोन्ही देशांनी गुप्त कार्यक्रम वाढवले. ते म्हणतील, पैसा संपला. तेही खरे. दोन्ही देश कर्जात बुडाले होते आणि १९८९ मध्ये अर्जेंटिनातली महागाई वर्षाला तीन हजार टक्क्यांवर गेली. पण पैसा संपला की कार्यक्रम थांबतो. पैसा संपला म्हणून कोणी शेजाऱ्याच्या निरीक्षकाला कायमची चावी देत नाही. ते असेही म्हणतील की ब्राझीलची अर्थव्यवस्था इतकी पुढे गेली होती की अर्जेंटिनाने शर्यत सोडून दिली. मग प्रश्न असा की मागे पडलेल्या राष्ट्राला, सिद्धांताप्रमाणे, वरचढ शेजाऱ्याची भीती अधिक वाटायला हवी. इथे ती कमी झाली.

सर्वांत जड उत्तर बचावात्मक वास्तववाद्यांचे. जॉन हर्झ यांनी १९५० मध्ये सुरक्षेची कोंडी सांगितली: मी संरक्षणासाठी शस्त्र घेतो, तुला तो हल्ला वाटतो, तू शस्त्र घेतोस, दोघेही अधिक असुरक्षित होतो. रॉबर्ट जर्विस यांनी १९७८ मध्ये त्या कोंडीतून सुटण्याच्या वाटाही दाखवल्या. त्यांच्या तर्काने पिल्कानियेउची भेट हा एक महागडा संकेत आहे. फसवायचे असते तर कोणी इतके उघड केले नसते, म्हणून तो विश्वासार्ह. हे स्पष्टीकरण मला पटते, पण ते अर्धे आहे. एका राष्ट्राध्यक्षाच्या प्रकल्पभेटीतून तांत्रिक माहिती फारशी मिळत नाही. सार्ने काही यंत्रे मोजणारे अभियंते नव्हते. त्या भेटीला संकेत म्हणून वाचायचे, डाव म्हणून नाही, हे ब्राझीलने कशावरून ठरवले? त्याचे उत्तर त्या दोन देशांच्या आधीच्या दहा वर्षांत आहे: धरणाचा तह, लंडनमधले काम, आधी पाठवलेली पत्रे, अमेरिकी निर्बंधांविरुद्धची समान बाजू. अलेक्झांडर वेंट यांनी १९९२ मध्ये मांडले की राष्ट्रांवर सत्ता नसणे याचा आपोआप एकच अर्थ होत नाही. राष्ट्रे परस्परांशी वागता वागता त्याला अर्थ देतात. वर कोतवाल १९७५ मध्येही नव्हता आणि १९९१ मध्येही नव्हता. बदलले ते शेजाऱ्याबद्दलचे मत, आणि त्या मताबरोबर धोरण.

२०१२ मध्ये रिओमध्ये त्या काळचे मुत्सद्दी, शास्त्रज्ञ आणि अधिकारी अभ्यासकांसमोर बसले आणि त्यांच्या आठवणी कागदपत्रांशी ताडून पाहण्यात आल्या. त्यातून आणि नंतरच्या अभिलेख संशोधनातून पुढे आलेली बाब वास्तववाद्यांना आणि त्यांच्या टीकाकारांनाही अडचणीची आहे: समोरचा देश लवकरच बॉम्ब बनवेल अशी खरी भीती दोन्ही बाजूंच्या बऱ्याच जाणकारांना वाटतच नव्हती. म्हणजे आपण ज्याला अणुशर्यत म्हणत आलो ती बरीचशी वॉशिंग्टनच्या अहवालांत आणि लष्करी विद्यालयांच्या वर्गांत होती. मग समेटाचा चमत्कारही तेवढा मोठा राहत नाही, हे टीकाकारांनी प्रामाणिकपणे मान्य करावे. माझ्या मते यातून वास्तववादाला लागणारा धक्का मात्र कमी होत नाही. दोन शेजारी, दोन गुप्त कार्यक्रम, मध्ये कोणी पंच नाही, आणि तरीही जाणत्या लोकांना भीती नाही, ही स्थिती सिद्धांतात बसवणे अवघड आहे.

उपखंडात हे का झाले नाही

भारतीय वाचकाच्या मनात पाकिस्तान येणारच, आणि विश्वास तर पानिपतातच गेला असे कोणी म्हणेलही. ३१ डिसेंबर १९८८ रोजी, सार्ने एझेइझाला जाऊन आले त्याच्या पुढच्याच महिन्यात, राजीव गांधी आणि बेनझीर भुट्टो यांनी एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला न करण्याचा करार केला. १९९२ पासून दर १ जानेवारीला दोन्ही देश आपल्या केंद्रांच्या याद्या एकमेकांना देतात. कारगिलच्या वर्षानंतरही ही देवघेव सुरू राहिली. यादी दिली जाते, पण दार उघडले जात नाही.

अर्जेंटिना-ब्राझीलचा धडा इथे जसाच्या तसा उचलणे चूक ठरेल. त्यांच्यात काश्मीर नव्हते, फाळणी नव्हती, १९७१ नव्हते. सव्वाशे वर्षे न लढलेले शेजारी होते ते. ज्या वादावर दोन्हीकडचे राजकारण उभे राहते असा प्रादेशिक वाद नसणे ही मोठी अनुकूलता होती, आणि वास्तववादावर टीका करणारे ती कधी कधी नजरेआड करतात. फक्त एवढे खरे की ‘शेजारी म्हणजे अरीच’ हे विधान निसर्गनियमासारखे कुठेही चालत नाही. ते कुठे आणि का लागू होते, हे त्या त्या जोडीचा इतिहास, तिथल्या लष्कराचे राजकारणातले स्थान आणि नागरिकांचा आवाज पाहून ठरवावे लागते.

आजची स्थिती

अबाक आजही चालू आहे. दोन्ही देशांनी आंतरराष्ट्रीय संस्थेचा अधिक कडक तपासणीचा जादा करार (ॲडिशनल प्रोटोकॉल) स्वीकारलेला नाही. २०११ मध्ये अणुपुरवठादार गटाने, म्हणजे अणुसामग्री निर्यात करणाऱ्या देशांच्या गटाने, अर्जेंटिना-ब्राझीलची ही प्रादेशिक व्यवस्था आपल्या निर्यातनियमांत त्या जादा कराराला पर्याय म्हणून मानली. २००४ मध्ये हेझेंदे इथल्या प्रकल्पात ब्राझीलने सेंट्रिफ्यूज पडद्याआड ठेवले तेव्हा व्हिएन्नाच्या निरीक्षकांशी वाद झाला. अर्जेंटिनाने त्यातून शेजाऱ्याविरुद्ध मोहीम उभी केली नाही.

आता ब्राझील अणुऊर्जेवर चालणारी पाणबुडी बांधतो आहे. ‘बेल्ग्रानो’ बुडाल्यावर नौदलाच्या मनात घट्ट झालेली ही इच्छा. समुद्रात महिनोन् महिने फिरणाऱ्या पाणबुडीतल्या इंधनाची तपासणी नेहमीच्या पद्धतीने करता येत नाही. त्यासाठी विशेष कार्यपद्धती ठरवण्याची चर्चा ब्राझीलने २०२२ पासून आंतरराष्ट्रीय संस्थेशी सुरू केली आहे, आणि चौपदरी करारामुळे अबाकचा, म्हणजे अर्जेंटिनाचाही, तिच्याशी संबंध येतो. चार दशकांपूर्वी सुरू झालेल्या व्यवस्थेला एवढे अवघड काम याआधी पडलेले नाही: शेजाऱ्याच्या लष्करी जहाजातल्या युरेनियमचा हिशेब, त्या जहाजाचे गुपित न फोडता, अर्जेंटिनी निरीक्षकांनाही पटेल अशा रीतीने मांडायचा आहे.